बाजा जरा उशिरा आण

भोईरकाका,

तुमच्या फोटोखाली छापायला दोन ओळी हव्या होत्या. तुमचा मुलगा प्रशांत मला म्हणाला, "मेधाताई, तुम्ही मालिकेच्या लायनीतल्या, तुम्हीच द्या काहीतरी." मी कागद घेऊन बसले आणि तसाच कोरा परत केला. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या शब्दांमागे सूर भरायचं काम केलं, शब्द माझ्याकडे कुणी मागितलेच नाहीत. मग प्रशांतनं पेपरात असतात तसलेच घातले. सेवानिवृत्त सहायक फौजदार, कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ. कर्तव्यदक्ष ठीक आहे. पण मनमिळाऊ वाचून मला तिथेच, सगळ्यांच्या देखत हसू आलं. तुम्ही सेटवर आलात की लाइटवाले उगाचच वायरी गुंडाळायला लागायचे, ते आठवलं.

तेरावं होऊन आज चार दिवस झाले. दुपार आहे. एका भागाचं काम पडलंय. प्रेत सापडतं, इन्स्पेक्टर गाडीतून उतरतो, मला तिथे चाळीस सेकंद भरायचेत. सकाळपासून तीनदा कीबोर्डपाशी बसले आणि उठले. आजारी नाही मी, नुसती थकलेय. म्हटलं, आधी तुमच्याशी बोलून घ्यावं.

आपली ओळख गाडीतली. मालिकेचं ऑफिस आणि शूटिंगचा फ्लोर घोडबंदर रोडला, तुम्ही विठ्ठलवाडीला, मी मानपाड्याला. कंपनीची गाडी आठवड्यातून दोनदा आधी तुम्हाला घ्यायची, मग मला. तुम्ही आमचे सल्लागार होतात. पंचनामा कसा लिहितात, बेडी कुठल्या हाताला घालतात, फौजदारासमोर हवालदार कसा उभा राहतो, हे आमच्या नटांना सांगायचं तुमचं काम. माझं काम पार्श्वसंगीताचं. पहिल्या दिवशी तुम्ही पुढच्या सीटवर ताठ बसून होतात. शिळफाटा आला. मी फोन गाडीच्या स्पीकरला जोडला आणि मला ऐकायचं होतं ते लावलं.

"हे काय लावलंय?"

"जॅझ आहे काका. जुन्या अमेरिकन सिनेमांत असायचं. आपल्या मालिकेला तसं हवंय म्हणतात, म्हणून ऐकतेय."

"कंच्या सीनला वाजतं? लग्नाच्या?"

"नाही, खुनाच्या."

तेव्हा तुम्ही पहिल्यांदा मागे वळून माझ्याकडे नीट बघितलंत. संशयिताकडे बघतात तसं.

"पस्तीस वर्षं नोकरी केली," तुम्ही म्हणालात. "मयतं किती बघितली त्याची मोजदाद नाय. एकदा पण बाजा ऐकला नाय."

"मग काय ऐकू येतं?"

मला वाटलं होतं तुम्ही काहीतरी फटकन बोलून मोकळे व्हाल. पण तुम्ही खरंच विचार करत बसलात. मुंब्र्याचा बायपास चढून गाडी उतरायला लागली तेव्हा म्हणालात, "माश्या. पंखा चालू राहिलेला असतो, त्याचा आवाज. शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या. जेवणाची वेळ झालेली असते ना लोकांची. ते काय थांबत नाय."

मी फोन बंद केला. ठाणं येईपर्यंत परत लावला नाही. 

मला हे संगीत कुठून लागलं ते तुम्ही नंतर विचारलंत. आमच्या बाबांना गुप्तहेरांच्या गोष्टींचा नाद. मानपाडा रोडला एक व्हिडिओ लायब्ररी होती. तिथल्या कुणी न नेणाऱ्या काळ्यापांढऱ्या इंग्रजी कॅसेटी ते रविवारी घरी आणायचे. संवाद त्यांना निम्मे कळायचे, मला अजिबात नाही. मी सातवी-आठवीत असेन. बोलणं कळत नाही म्हटल्यावर मी मागचं संगीत धरून गोष्ट समजून घ्यायला लागले. बाई आत आली आणि ट्रंपेट वाकडा वाजला की ती खोटं बोलतेय. नुसता बास चालत राहिला की हॅटवाला माणूस कुणाचा तरी पाठलाग करतोय. बाबा विचारायचे, "काय झालं गं आता?" आणि मी सांगायचे. बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

"म्हणजे तू साक्षीदाराचा जबाब न ऐकताच केस सोडवायचीस," तुम्ही म्हणालात. मला ते फार आवडलं होतं. तेव्हा बोलले नाही.

आणि मग मंगळवार-शुक्रवार आपली ती गाडीतली शिकवणी सुरू झाली. कोण कुणाला शिकवत होतं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्ही प्रत्येक वाद्याला आपलं नाव दिलंत. डबल बासचे ते एकेक पाऊल टाकत जाणारे सूर म्हणजे गस्त. "बघ, चालला गस्तीला. घाई नाय त्याला." ड्रमवर तारेचा ब्रश फिरतो तो आवाज म्हणजे कुणीतरी सुपात तांदूळ पाखडतंय. तोंडावर झाकण लावलेला ट्रंपेट म्हणजे सर्दी झालेला बाजा. आमच्या साउंड रेकॉर्डिस्टनं कार्यक्रमपत्रिकेसारखी तुम्ही दिलेली नावं लिहून भिंतीवर चिकटवली होती. आमच्या स्टुडिओत आता कुणी बास म्हणत नाही. "मेधाताई, इथे गस्त कमी करू का?" असं विचारतात.

एकदा मी तुम्हाला मोठ्या उत्साहानं सांगत होते की आपल्याला वाटतं तसं ते नव्हतंच मुळी. सुरुवातीच्या त्या गुन्हेगारी सिनेमांत बहुतेक भलामोठा ऑर्केस्ट्रा वाजायचा, व्हायोलिनचा ताफाच्या ताफा. जॅझ ठसठशीत आलं ते नंतर, टीव्हीवरच्या खाजगी गुप्तहेरांबरोबर. लोकांच्या आठवणीत मात्र सगळं एकत्र झालं आणि गुन्हा म्हटला की जॅझ असं होऊन बसलं. आणि मूळचं ते संगीत कुणाचं, तर काळ्या लोकांचं. त्यांच्या नाचाचं, मिरवणुकीचं, अगदी अंत्ययात्रेचंसुद्धा. त्यात गुन्ह्याचं असं काही नव्हतं. सिनेमावाल्यांनी ते उचललं आणि दारूचे अड्डे, जुगार, वाईट बाई, खून यांच्यामागे नेऊन लावलं.

तुम्ही डबा उघडून बसला होतात. काकींनी दिलेली तांदळाची भाकरी आणि सुकट. घास तसाच हातात धरून म्हणालात, "म्हणजे खोट्या केसमध्ये अडकवलं की त्याला."

काका, मी या विषयावर पुस्तकं वाचली आहेत. तुम्ही त्या एका वाक्यात म्हणालात तितकं नेमकं मला कुठेच मिळालं नाही.

तुमची तक्रार मात्र कायम होती. तुमचा मुद्दा असा की बाजा वाजवून तुम्ही लोकांना आधीच सांगता कुणाकडे संशयानं बघायचं आणि कुणासाठी रडायचं. "हे खोटं काम आहे, बाय. आरोपी ठरवायच्या आधी तू शिक्षा सांगून मोकळी." मी म्हणायचे, संगीत नसेल तर लोक नुसते प्रेताकडे बघतात, संगीत आलं की प्रेताशेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे बघतात. "मग न वाजवता बघायला शिकव ना," तुम्ही म्हणायचात. "टीव्हीवर ते होत नाही काका." "का होत नाय?" आणि तेवढ्यात ऑफिस यायचं. हा वाद आपण किती वेळा माजिवड्याच्या सिग्नलला सोडला आणि पुढच्या मंगळवारी मानपाड्याला परत उचलला! त्या हॅटवाल्या गुप्तहेराचा तर तुम्हाला रागच होता. "तो एकटा. ना बायको, ना पोरं, ना डबा. म्हणून त्याच्या मागं बाजा वाजवायला लागतो. माझ्या घरी आठ माणसं. मी घरी गेलो की नळाला पाणी आलं की नाय ते आधी विचारतात."

आणि तो दिवस. पुढे कुठेतरी कंटेनर आडवा झाला होता आणि घोडबंदर रोडला आपली गाडी दीड तास एकाच पुलाखाली उभी होती. ड्रायव्हर उतरून चहा प्यायला गेला होता. मी काही विचारलं नव्हतं. तुम्ही आपणहून सांगायला लागलात.

मानपाड्याच्या कारखान्यात पॅकिंगला जाणारी एक मुलगी. एकोणीस-वीस वर्षांची. संध्याकाळी सुटली आणि घरी पोचलीच नाही. तिची आई शेवंताबाई रोज सकाळी पोलीस ठाण्यात येऊन बाकावर बसायची आणि संध्याकाळी उठून जायची. एक शब्द न बोलता. पाचव्या दिवशी बंद पडलेल्या एका कारखान्यामागच्या नाल्यात मुलगी सापडली. ओळख पटवायला आईला तुम्हीच घेऊन गेलात.

"मला वाटलं आता ही कोसळणार," तुम्ही म्हणालात. "दोन बायका उभ्या केलेल्या तिला धरायला. ती कोसळली नाय. रडली पण नाय. पोरीच्या पायाकडे बघत राहिली. एका पायात चप्पल होती. मग मला विचारते, साहेब, हिची दुसरी चप्पल कुठंय?"

"मग?"

"मग काय. माझ्याकडे उत्तर नव्हतं."

आरोपी सापडला, शिक्षा झाली, ते तुम्ही एका वाक्यात उरकलंत. मग खिडकीबाहेर बघत बसलात. 'कुणाला सांगू नको' असं काही म्हणाला नाहीत. म्हणायची गरज आहे असं तुम्हाला वाटलं नसावं.

मी सांगितलं.

त्याच आठवड्यात, ऑफिसात चहा पिताना, आमच्या लेखकाला. मला ते पेलवत नव्हतं हे खरं. कुणाशी तरी बोलायचं होतं हेही खरं. मी बोलत होते तेव्हा तो वहीत काही लिहीत नव्हता. पण लेखकाला वही लागत नाही, हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. दीड महिन्यानं त्या गोष्टीचा भाग झाला. नावं बदललेली, गाव बदललेलं, कारखान्याच्या जागी गोदाम. तुम्ही तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर होतात, त्यामुळे संहिता तुमच्या हातात पडली नाही. माझ्या हातात पडली. मी वाचली, ओळखली. फोन उचलून तुम्हाला विचारता आलं असतं. मी नाही विचारलं. कीबोर्डपाशी जाऊन बसले.

दोन मिनिटांच्या त्या प्रसंगावर मी दोन दिवस बसले होते, काका. गस्त आधी चालू ठेवली, आई आत येईपर्यंत. मग ती थांबवली. आणि आई 'चप्पल' म्हणते, बरोबर त्या शब्दावर सर्दी झालेल्या बाजाचा एकच लांब सूर आणला, शेवटाला जरासा घसरणारा. आयुष्यात मी केलेलं ते सगळ्यात चांगलं काम होतं. चॅनेलच्या माणसांनी फोन केले. दिग्दर्शक म्हणाला, अंगावर काटा आला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

भाग शनिवारी लागला. रविवारी सकाळी तुम्ही विठ्ठलवाडीहून रिक्षा करून माझ्या दारात. डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा तो काळा मोठा चष्मा. मी दार उघडून हसले, म्हटलं, "काका, आता तुम्हीच हिरो दिसताय." तुम्ही हसला नाहीत. आत येऊन बसलात, पाणी प्यालात, भांडं खाली ठेवलंत.

"शेवंताबाईचा फोन आलेला," तुम्ही म्हणालात. "ती बोलली, साहेब, माझी पोर सापडली तेव्हा बाजा वाजत नव्हता."

मी समोरची खुर्ची ओढून बसले.

"कशाला सांगितलंस गो?"

मी म्हणाले, "काका, नावं बदललीत सगळी."

"नाव बदललंस. चप्पल बदललीस काय?"

मग उठलात. मी खाली रिक्षापर्यंत येते म्हटलं तर हातानंच नको म्हणालात. आमच्या इमारतीच्या जागी पूर्वी तुमच्या आजोबांचं भातशेत होतं, येताजाता दरवेळी मला बांध कुठून जायचा ते दाखवायचात. त्या दिवशी त्याच जागेवरून खाली मान घालून चालत गेलात. मी गॅलरीतून बघत होते. सोमवारी ऑफिसला कळवलंत की आता जमणार नाही.

आठ महिने आपण बोललो नाही. गाडी यायची, विठ्ठलवाडीला न जाता सरळ माझ्याकडे. पुढची सीट रिकामी. ड्रायव्हरनं एकदा विचारलं, "मॅडम, काका कधी येणार?" मी काहीतरी सांगितलं. त्या काळात मी भरपूर काम केलं आणि एकही सूर मला स्वतःला ऐकावासा वाटला नाही. तीच गस्त, तोच सर्दी झालेला बाजा. लोकांना तेच हवं होतं.

मग काकींचा फोन आला. तुमच्या किडन्या गेल्यात, कल्याणला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेतात, म्हणाल्या. "तुझं नाव काढत नाहीत हो. पण मालिका लागली की आवाज मोठा करायला लावतात. आणि मग डोळे मिटून बसतात. बघत नाहीत, नुसते ऐकतात."

मी दुसऱ्याच दिवशी दुपारी आले. तुम्ही पलंगावर, हाताला पट्टी, चेहरा मातीसारखा. मला बघून म्हणालात, "मागच्या शनवारी गस्त लय जोरात लावलेली. त्या बाईचं बोलणं ऐकायला येत नव्हतं." झालं. एवढ्यावर आपलं मिटलं. म्हणजे मिटलं असं मी धरलं.

डायलिसिस नसेल त्या दुपारी मी लॅपटॉप घेऊन यायचे आणि आपण बाबांच्या वेळचे ते काळेपांढरे सिनेमे बघायचो. भाषेची अडचण तुम्हाला कधी वाटलीच नाही. अडचण होती ती कायद्याची. "हा रुमाल न धरता पिस्तूल उचलतोय! सस्पेंड करा याला." "पंच कुठायत? एकटाच घरात घुसला, दोन पंच नकोत?" काकी स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अहो, बीपी वाढेल." एका सिनेमात सगळं उलगडल्यावर तो हॅटवाला एकटाच रस्त्यानं चालत जातो आणि सॅक्सोफोन वाजत राहतो. तुम्ही बराच वेळ बघत होतात. "याला घरी कुणी विचारत नसेल, आज काय झालं ते," म्हणालात. मी म्हटलं, "तुम्हाला विचारायचे?" तुम्ही काकींच्या दिशेनं बघितलंत. "विचारायचे. मी सांगायचो नाय."

मला शेवंताबाईंना भेटायचं होतं. त्यांची माफी मागायची होती. तुम्हाला मी तीनदा म्हटलं, मला घेऊन चला, नाहीतर पत्ता द्या, मी जाते. पहिल्यांदा म्हणालात, "नको, ती विसरली." दुसऱ्यांदा, "म्हातारी झालीय, उगाच कशाला त्रास?" तिसऱ्यांदा कुशीवर वळलात. मला वाटलं, किती जपतायत तिला. मी परत विचारलं नाही. पण ते ओझं काही उतरलं नाही.

शेवटच्या दोन आठवड्यांतली ती दुपार. तुम्ही फार थकला होतात, सिनेमा नको म्हणालात. मी निघणार तर म्हणालात, "तुझा तो भाग आहे काय त्याच्यात? तो, चपलीचा."

मी लॅपटॉपची पिशवी परत खाली ठेवली. म्हटलं, "कशाला काका?"

"लाव."

लावला. तुम्ही डोळे मिटून ऐकलात. दोन मिनिटं पूर्ण. परत लावायला सांगितलंत. परत ऐकलात. मग डोळे न उघडता म्हणालात, "बाजा जरा उशिरा आण."

"म्हणजे?"

"ती विचारते ना, चप्पल कुठंय. तू लगेच वाजवतेस. तसं नव्हतं. ती बोलली आणि मी उभा. ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. लय वेळ. मला काय बोलायचं ते सुचत नव्हतं, आणि ती काय नजर काढत नव्हती. तेवढा वेळ दे. मग वाजव तुला काय वाजवायचं ते."

इतक्या वर्षांत दिग्दर्शकांनी, चॅनेलवाल्यांनी मला शेकडो सूचना दिल्या. असली एकही नाही. मी घरी येऊन ते बदललं. भाग केव्हाच लागून गेला होता, त्याचा कुणाला उपयोग नव्हता. तरी बदललं. त्या प्रश्नानंतर अकरा सेकंद काही नाही, नुसता त्या खोलीचा मूळ आवाज. पूर्वी मी काम सुरू करताना शूटिंगच्या वेळचा आवाज पहिल्यांदा बंद करून टाकायचे. आता तो आधी ऐकते, आणि हे तुमच्यामुळे, हे तुम्हाला मी सांगितलेलं नाही. ते अकरा सेकंद ऐकवायलाही मी शुक्रवारी येणार होते. बुधवारी सकाळी काकींचा फोन आला. डायलिसिस चालू असतानाच गेलात.

तेराव्याला तुमच्याकडे खूप माणसं होती. काकींनी मला मागच्या खोलीत नेलं आणि चटईवर ताटं पुसत बसलेल्या एका म्हातारीपाशी बसवलं. "ही शेवंताबाई," म्हणाल्या. "लय जुनी ओळख यांची." आणि पुढे निघून गेल्या.

मी किती दिवस या बाईसाठी वाक्यं जुळवत होते. ऐन वेळी एकही आठवलं नाही. म्हटलं, "मावशी, टीव्हीवर तो भाग लागला होता ना, तुमच्या मुलीचा... त्याचं संगीत माझं होतं. काकांनी विश्वासानं सांगितलेलं मी बाहेर सांगितलं. तुम्हाला फार त्रास झाला. मला माफ करा."

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "कंचा भाग?"

"तुम्ही काकांना फोन केला होता. म्हणालात, पोर सापडली तेव्हा बाजा वाजत नव्हता."

"म्या?" त्या ताट पुसायच्या थांबल्या. "मला कुटला टीव्ही दिसतोय, पोरी. दोन्ही डोळ्यांवर पडदा आलाय. आन फोन तर न्हाईच माज्याकडं. सायबच यायचे. दर दिवाळीला, मिठाईचा पुडा घिऊन."

मी त्यांच्या हातातलं ताट घेऊन चळतीवर ठेवलं.

"आलं की बसायचे. च्या झाला की एकच इचारायचे. बाई, चप्पल कंच्या रंगाची हुती? पट्टा कसा हुता? मी म्हनायची, सायेब, सोडा आता. मी सोडलं, तुमी कशापायी धरून बसलाय? हू म्हनायचे. फुडल्या दिवाळीला परत तेच."

त्यांनी पुढचं ताट उचललं. "येडा मानूस," म्हणाल्या. इतक्या मायेनं तुमच्याबद्दल त्या दिवशी दुसरं कुणी बोललं नाही.

काका, तेव्हापासून मी नुसती बसून आहे. म्हणजे बाजा वाजत नव्हता हे वाक्य तुमचं होतं. आयुष्यभर लोकांचे जबाब घेतलेत, आणि स्वतःचा द्यायची वेळ आली तेव्हा तो शेवंताबाईच्या नावावर लिहिलात. 'मला लागलं' एवढं म्हणायला तुम्हाला एक म्हातारी पुढे करावी लागली. पोलिसानं असं बोलायचं नसतं, असं कुणी सांगितलं होतं तुम्हाला? मी तुमच्या पलंगाशी बसून तीनदा तिचा पत्ता मागितला. एकदा तरी म्हणायचंत, अगं, तिचं काही नाही, माझं आहे. चार दिवस मला याचा राग येतोय. येतो आणि जातो.

आणि राग गेला की खाली जे उरतं ते माझंच आहे. ती गोष्ट तुमची होती. तुम्ही ती आयुष्यात एकदा, एका पुलाखाली अडकलेल्या गाडीत, एका माणसाला सांगितलीत. काकींनाही नाही सांगितलीत. मी ती न विचारता घेतली आणि तुम्हाला उत्तर न सुचलेल्या जागेवर माझी कला दाखवली. आपलं मिटल्यावर वर्षभर मी तुमच्या घरी येत राहिले, तुमच्या घरचा चहा प्यायले, तुमच्याबरोबर हसले, आणि दुसऱ्याच बाईची माफी मागायला धडपडत राहिले. तुमची मागायची हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. तुम्ही समोर होतात, हाताच्या अंतरावर होतात.

चुकले मी, काका.